युरोपची सहल: आवड आणि ऋतू पाहून बेत कसा आखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी देश ठरवायचे की तारखा?

आधी आवड, मग तारखा आणि देश सगळ्यांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. ‘पॅरिस, स्विस, इटली’ हे आधीच ठरलेलं असतं, रजा मिळेल तशी तिकिटं निघतात आणि ट्युलिप बघायला निघालेली मंडळी जूनमध्ये हॉलंडला पोचतात. तोवर शेतांत एक फूल उरलेलं नसतं.

युरोपचा ऋतू एक नाही. मेच्या मध्यावर स्पेनमधल्या सेव्हियात दुपारी सुती कपडे पुरतात, त्याच दिवशी ॲमस्टरडॅममध्ये स्वेटर लागतो आणि आल्प्समध्ये दोन हजार मीटरच्या वर पायवाटा बर्फाखाली असतात. त्यामुळे ‘मेमध्ये युरोप कसं असतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘मेमध्ये अमुक गाव, अमुक उंचीवर कसं असतं?’ याला मात्र अगदी नेमकं उत्तर मिळतं.

घरातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट लिहावी: हे पाहिलं नाही तर सहल अपुरी वाटेल, अशी. चार जणांच्या चार गोष्टी समोर आल्या की त्यातल्या कोणत्या दोन एका ऋतूत आणि एका दिशेला बसतात ते दिसतं. बेत त्या दोन गोष्टींभोवती बांधावा. बाकीच्या दोन पुढच्या वेळी.

मुलांच्या शाळेमुळे एप्रिल अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यातच जाता येतं. काय निवडावं?

हा काळ उत्तम आहे, फक्त त्यातही पंधरवड्यागणिक चित्र बदलतं.

ट्युलिप हवे असतील तर एप्रिल सोडू नका. लिस्से गावाजवळची कॉयकेनहॉफ बाग साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. तिथे सुमारे ७० लाख कंद लावतात आणि लवकर-उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावल्यामुळे बागेत शेवटपर्यंत काहीतरी फुललेलं असतं. बाहेरच्या शेतांचं तसं नाही. तिथलं पीक फुलांचं नसून कंदांचं असतं. फूल उमलून जात तपासून झाली की कंद पोसावा म्हणून शेतकरी फुलं खुडून टाकतात. काल रंगीत पट्ट्यांनी भरलेलं शेत आज नुसतं हिरवं दिसतं ते त्यामुळे. शेतांसाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरा. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवसांत ॲमस्टरडॅममध्ये खोल्या फार महाग होतात, म्हणून लायडन किंवा हार्लेमला मुक्काम करावा. बागेला दोन्हीकडून जाता येतं.

मे हा स्पेनच्या अंदालुसियाचा, रोमचा आणि ग्रीसचा महिना. कोर्दोबात मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरांची आतली अंगणं फुलांच्या कुंड्यांनी सजवून लोकांना बघायला खुली करतात. वाडासंस्कृतीत वाढलेल्या कुणालाही ती अंगणं आवडतील.

स्वित्झर्लंडमध्ये मेचं खरं वैभव पाण्याचं. वरचा बर्फ वितळत असल्यामुळे लाउटरब्रुनेनच्या दरीत जवळपास ३०० मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा याच काळात भरात असतो. युंगफ्राउयोख हे उंचावरचं रेल्वे स्टेशन (३,४५४ मीटर) वर्षभर सुरू असतं, त्यामुळे बर्फ हमखास मिळतो. पण फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे घाट बहुधा मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडतात, श्युनिगे प्लाटेची दातेरी रेल्वे जूनमध्ये सुरू होते आणि बऱ्याच केबल कार एप्रिल-मेमध्ये देखभालीसाठी बंद असतात. ज्या शिखरावर जायचं त्याच्या संकेतस्थळावर ‘रिव्हिजन’च्या तारखा बघितल्याशिवाय हॉटेल घेऊ नका.

आणखी एक: १ मे, फ्रान्समध्ये ८ मे, शिवाय ईस्टरवरून ठरणारे असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार. या सुट्ट्यांना जोडून स्थानिक लोकही बाहेर पडतात, गाड्या भरतात. कॅलेंडरवर या तारखा आधी खुणावून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत?

दक्षिणेकडे जा. सिसिली, अंदालुसिया, लिस्बन, रोम, अथेन्स इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा सुखाची असते आणि उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर पानगळीचे रंगही मिळतात. फ्रान्समधल्या आल्सासचे द्राक्षमळे, व्हिएन्नाजवळची वाखाउ दरी आणि स्वित्झर्लंडच्या एंगाडिनमधली सोनेरी होणारी लार्चची झाडं या काळात बघण्यासारखी असतात. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर आल्प्स टाळा. तो तिथला मधला काळ: पायवाटा संपल्या, स्कीइंग सुरू नाही, केबल कार दुरुस्तीला, निम्मी हॉटेलं बंद. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरही नोव्हेंबर लागला की बरीच हॉटेलं बंद होतात आणि बोटी कमी होतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर मध्य युरोपात पाचच्या सुमारास अंधारतं, म्हणून बाहेरची ठिकाणं सकाळी आणि संग्रहालयं संध्याकाळी ठेवा.

जुलै-ऑगस्ट टाळावा का?

रोम, फ्लोरेन्स, सेव्हिया, अथेन्स यांच्यासाठी टाळावा. सेव्हिया-कोर्दोबात पारा चाळिशी ओलांडतो आणि अतिउष्ण दिवसांत अथेन्सचं अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात. ‘उकाडा आम्हाला सवयीचा आहे’ हा हिशेब चुकतो, कारण तिथे तुम्ही दिवसाचे सहा-सात तास सावली नसलेल्या दगडी चौकांत चालत असता. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास घरगुती खानावळी आणि छोटी दुकानं मालकांच्या सुट्टीमुळे बंद मिळतात. ग्रीसच्या एजियन समुद्रावर याच महिन्यांत मेल्तेमी वारा जोर धरतो आणि वेगवान बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या दिवशीच बेटावरून बोट पकडायचा बेत म्हणूनच धोक्याचा.

नॉर्वे, आइसलंड, स्कॉटलंड आणि आल्प्सच्या पायवाटा यांचा मात्र हाच खरा हंगाम. नॉर्वेत नूरकाप इथे साधारण १४ मे ते २९ जुलै सूर्य मावळतच नाही. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या. प्रोव्हान्सचं लॅव्हेंडर बघायचं तर वालान्सोलच्या पठारावर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर जाणार असाल तर उंचावरच्या सो गावाकडे वळा, तिथे फुलं उशिरा येतात आणि कापणीही उशिरा होते.

ख्रिसमस मार्केट बघायला २५ डिसेंबरनंतर निघालो तर चालेल?

नाही. हे बाजार नाताळच्या आधीचे असतात. नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात आणि न्यूरेंबर्गसारख्या ठिकाणी २४ डिसेंबरला आवरतात. व्हिएन्नातले काही मात्र त्यानंतरही चालतात. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा, तोही सोमवार ते गुरुवार, सर्वांत चांगला. गरम पेयाच्या कपासाठी दोन-चार युरो अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत.

नॉर्दर्न लाइट्स (उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश) नक्की दिसतील असा काळ कोणता?

‘नक्की’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शक्यता वाढवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा. यातला अंधार सप्टेंबर ते मार्चअखेर मिळतो. मे ते जुलैमध्ये उत्तर नॉर्वेत रात्रच होत नाही, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत हे जमणार नाही.

लोक चुकतात ते ढगांच्या बाबतीत. नॉर्वेतलं ट्रोम्सो समुद्रकाठी आहे, हवा चटकन बदलते. तिथल्या रात्रीच्या सहली ढग फाटतील तिकडे, प्रसंगी फिनलंडच्या सीमेपलीकडे गाडी नेतात, म्हणून एका जागी उभं करणाऱ्या सहलीपेक्षा पाठलाग करणारी सहल घ्या. स्वीडनमधलं आबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतं. पश्चिमेचे ढग अलीकडेच रिते होतात, आपल्याकडे घाटमाथा भिजतो आणि पलीकडे माण-खटाव कोरडा राहतो तसंच. आकाश तिथे जास्त वेळा मोकळं मिळतं.

किमान चार रात्री ठेवा आणि पाठलागाची सहल पहिल्याच रात्री घ्या, म्हणजे फसली तर पुढच्या रात्री उरतात. डोळ्यांना प्रकाश अनेकदा फिकट, धुरकट पांढरा दिसतो आणि कॅमेऱ्यात हिरवा उतरतो. पहिल्या पाच मिनिटांत निराश होऊ नका. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, त्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवाव्यात. कपडे थरांनी घाला: अंगाला चिकटून थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. बूट एक माप मोठे घ्या, कारण दोन मोजे कोंबलेल्या घट्ट बुटात पाय आणखी गारठतात.

सह्याद्रीत ट्रेक करतो. आल्प्समध्ये वाटाड्याशिवाय चालता येईल?

येईल, आणि फार आनंदाने येईल. पायवाटांच्या खुणांसाठी स्वित्झर्लंडसारखा देश नाही. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चढ-उतार, अरुंद कडेची वाट, पक्के बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अल्पाइन मार्ग, जिथे हातांनी चढावं लागतं, कधी हिमनदी ओलांडावी लागते. अनुभव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. पहिल्या दिवशी पाटीवरच्या वेळेच्या दीडपट धरून चाला.

उंचावरच्या वाटांचा हंगाम जूनअखेर ते सप्टेंबरअखेर. इटलीच्या डोलोमाइट्स डोंगरांतल्या मुक्कामाच्या झोपड्या, म्हणजे रिफुजिओ, साधारण याच काळात उघड्या असतात आणि जुलै-ऑगस्टच्या जागा महिने आधी भरतात. तिथे झोपायला स्वतःची पातळ चादरीची पिशवी लागते. दुपारनंतर विजांसह वादळ येणं उन्हाळ्यात नेहमीचं, त्यामुळे सकाळी सातला निघून दोनच्या आत मुक्कामी पोचणं हा तिथला रिवाज आहे. सप्टेंबर आमच्या मते सर्वोत्तम: हवा स्थिर, गर्दी कमी.

चित्रकला आणि संग्रहालयांसाठी जातोय. कशाची काळजी घ्यायची?

साप्ताहिक सुट्टीची आणि वेळेच्या तिकिटांची.

पॅरिसचं लुव्र मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से सोमवारी, फ्लोरेन्सची उफिझी सोमवारी. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा: तेव्हा प्रवेश मोफत, पण रांग इतकी मोठी की तो दिवस मुद्दाम टाळावा. पॅरिसला रविवार ते मंगळवार गेलात तर हाती काय उरतं, हे मुक्काम ठरवण्याआधी कागदावर मांडून पाहा.

मिलानमधलं लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ छोट्या गटांत, फक्त १५ मिनिटं दाखवतात आणि तिकिटं काही महिन्यांच्या गठ्ठ्याने विक्रीला येतात. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी, फक्त ऑनलाइन मिळतात. ग्रानादाच्या अलाम्ब्राच्या तिकिटावर नासरी महालात शिरायची वेळ छापलेली असते. ती चुकली तर बाकीचा परिसर फिरता येतो, पण ज्यासाठी आलात तो महाल हुकतो. मुख्य फाटकापासून तिथपर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि पासपोर्टही जवळ हवा.

मोनेचा चाहता असाल तर ओर्सेबरोबर जिव्हर्नीचं त्याचं घर आणि बाग ठेवा. बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर उघडी असते. मेमध्ये जपानी पुलावर विस्टेरियाचे जांभळे घोस लटकतात, पण तळ्यातली कमळं तेव्हा फुललेली नसतात. चित्रांतली ती कमळं बघायची तर जुलै ते सप्टेंबर गाठावा लागतो.

दिवसाला एकच मोठं संग्रहालय, तेही सकाळी उघडताच. तीन तासांनंतर डोळे बघतात पण मनात काही उतरत नाही.

व्हिएन्नात ऑपेरा ऐकायचा आहे.

मग जुलै-ऑगस्ट नको. स्टेट ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून. उभं राहून ऐकण्याची स्वस्त तिकिटं प्रत्येक प्रयोगाला असतात. उन्हाळ्यातच जाणं होणार असेल तर जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेर साल्झबुर्गचा संगीत महोत्सव चालतो.

बारा दिवसांत किती देश करावेत?

दोन. फार तर तीन, सीमा लागून असतील तर. मुक्काम बदलला की अर्धा दिवस जातो: अकराला खोली सोडायची, सामान घेऊन स्टेशन, प्रवास, पुन्हा सामान, तीनला खोली ताब्यात. पाच शहरं म्हणजे चार अर्धे दिवस नुसत्या बॅगा ओढण्यात. विमानाचं तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचं, म्हणजे ‘मल्टी-सिटी’, काढा. पॅरिसला उतरून रोमहून परतलात तर उलटा प्रवास वाचतो.

व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा?

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यात आता २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात प्रथम उतरता त्याच्याकडे. ‘त्या देशाची तारीख लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करून मुक्काम दुसरीकडे दाखवला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. मुंबईत मेच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज देण्याच्या वेळा भरतात, त्यामुळे जानेवारीत कागद तयार हवेत.

अर्ज अडतो तो बहुधा पुढच्या गोष्टींवर. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या दिवसांचा नसणं. मधल्या एखाद्या रात्रीचं हॉटेलच नसणं. बँकेत अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम जमा होणं आणि तिचा खुलासा नसणं. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध नसणं, किंवा तो दहा वर्षांपूर्वी दिलेला असणं. आणि नावं! पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जसं छापलंय तसंच तिकिटावर आणि विम्यावर हवं. लग्नानंतर आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं आडनाव असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं.

लंडन जोडायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आणि पॅरिस–लंडन–ॲमस्टरडॅम असा क्रम असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच हवा, नाहीतर परत आत येता येत नाही.

रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं?

आकडेमोड केल्याशिवाय पास घेऊ नका. फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांची भाडी विमानासारखी चढत जातात, म्हणून तारखा पक्क्या असतील तर दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा पासपेक्षा स्वस्त पडतात. शिवाय अनेक देशांत चालणारा युरेल पास असला तरी टीजीव्ही या फ्रान्सच्या वेगवान गाडीला आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि पासधारकांच्या जागा मोजक्या. स्थानिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, ती तिकिटं आयत्या वेळी घ्या.

स्वित्झर्लंडचं गणित वेगळं. रोज फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास सोयीचा: रेल्वे, बस, बोट सगळं त्यात येतं, रिगी डोंगरावरची रेल्वेही. युंगफ्राउयोखला मात्र वरच्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सवलत मिळते. एकाच गावी राहून दोन-तीन महागडी शिखरंच करायची असतील तर निम्म्या दरात तिकिटं देणारं हाफ फेअर कार्ड सरस ठरतं.

इटलीत स्थानिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्यावंच लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड. व्हेनिसला ‘मेस्त्रे’ला उतरू नका, ते मुख्य भूमीवर आहे. ‘सांता लुचिया’ला उतरलात की समोर कालवा. आणि ‘गार द लियों’ हे स्टेशन लियोंत नाही, पॅरिसमध्ये आहे.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

शहरांत छान होतं, फक्त विचारावं लागतं. इटलीत पिझ्झा मारिनारात चीज नसतं, पेन्ने अराब्याता झणझणीत असते. सुक्या पास्त्यात सहसा अंडं नसतं, ताज्यात असतं. पारमेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, वर्ज्य असेल तर ‘नको’ म्हणून सांगा. भाज्यांच्या सूपचा आधाररस अनेकदा मांसाचा असतो. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आत मिळणं कठीण, मुलांसाठी काहीतरी जवळ ठेवा.

घरून खाऊ नेता येतो का? हापूस?

हापूस नाही. युरोपीय संघात ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, कढीपत्त्याची जुडीसुद्धा. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. दूध आणि मांसाचे पदार्थही बंद: तूप, पनीर, खवा, चक्का नको. चिवडा, तेलातल्या चकल्या, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. बेसनाचा लाडू तुपातला असतो, त्याच्यावर हुज्जत घालायची वेळ आणू नका. लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत.

आई-बाबा सत्तरीचे आहेत.

मुक्काम स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत, लिफ्टची लेखी खात्री करून. जुन्या इमारतींत ‘पहिला मजला’ म्हणजे आधीच दोन जिने असू शकतात. युंगफ्राउयोखवर हवा विरळ असते. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. तितकाच सुंदर देखावा १,८०० मीटरच्या रिगीवरून, रेल्वेच्या डब्यात बसून मिळतो. औषधं मूळ वेष्टनात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत.

कार्ड वापरताना ‘रुपयांत द्यायचे का?’ असं यंत्र विचारतं तेव्हा?

नाही म्हणा. स्थानिक चलनच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट. क्रोएशियात २०२३ पासून युरो.

रेल्वे संपावर गेली तर?

इटलीत संपाच्या तारखा आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक स्थानिक गाड्या चालवाव्याच लागतात. प्रवास त्या वेळेत सरकवा. विमानाच्या दिवशी मात्र आदल्या रात्रीच विमानतळाच्या शहरात मुक्कामाला असा, संप असो वा नसो.